साधू गावात हवा, पण माधुकरीवर

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आमच्या गावात एक विषय आला आणि अर्ध्या तासात त्याचा विचका झाला. विषय एवढाच होता की तालुक्यात एक संन्यासी महाराज फिरत आहेत, सोयाबीन निघालं की त्यांना तीन दिवस गावात आणायचं आणि मंडप-भोंग्याचा खर्च पंचायतीने करायचा. एक तरुण उठला, म्हणाला, "बुवाबाजीले पैसा कायले देता? शाळेचं छत गळून राहिलं." मागून आवाज आला, "देवाचं नाव काढलं की तुमच्या पोटात काहून दुखते?" मग महाराज राहिले बाजूला. कोण धर्माच्या बाजूचा आणि कोण विरोधातला, याची मोजणी सुरू झाली. विषय तहकूब झाला, पण पानठेल्यावर आणि एसटीच्या थांब्यावर तो अजून चालू आहे, आणि दोन्ही बाजूंनी चुकीचा चालू आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फिरता साधू गावाला हवा आहे, आज तर पूर्वीपेक्षा जास्त हवा आहे. पण त्याला मंडपात बसवू नका, मारुतीच्या पारावर बसवा. वर्गणीवर आणू नका, माधुकरीवर ठेवा. आणि भांडायचंच असेल तर तो आत्मा मानतो की नाही यावर भांडू नका. तो कसा येतो, कुठे झोपतो, कोणाकोणाच्या घरचं खातो, किती दिवस थांबतो आणि त्याला उलटा प्रश्न विचारता येतो का, यावर भांडा.

हे निकष मी मनाने काढलेले नाहीत. संन्याशाने खेड्यात एक रात्र राहावं, मोठ्या नगरात फार तर पाच, ही परिव्राजकाची जुनी मर्यादा आहे. पावसाळ्याचा चातुर्मास तेवढा एका जागी. अन्न कसं घ्यायचं, तर मधमाशी जशी फुलाफुलातून थोडं थोडं घेते तसं घराघरांतून घासभर. म्हणूनच ती माधुकरी. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी ज्यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे त्या चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात आपल्या अनुयायांना अटन, विजन आणि भिक्षा सांगितली: फिरत राहा, एकांतात राहा, मागून खा. हे नियम कोणी उगाच कष्ट म्हणून घालून दिलेले नाहीत. माणूस एका जागी राहिला की त्याचं काहीतरी अडकतं. जागा अडकते, माणसं अडकतात, मग तो कोणाचा तरी होतो. आणि एकाच घरचं खाल्लं की त्या घराला तो काही बोलू शकत नाही. पंचवीस घरचं घासभर खाणाऱ्याला कोणीच विकत घेऊ शकत नाही.

आज गावात बाहेरून कोण कोण येतं ते बघा. तलाठी, ग्रामसेवक, मास्तर, नर्सबाई, सगळे अपडाऊन करणारे. चारची गाडी चुकू नये म्हणून साडेतीनला बॅग भरतात. त्यांना मी दोष देत नाही, त्यांचीही लेकरं तालुक्याला शिकतात. बियाण्याच्या कंपनीचा माणूस येतो तो पाकीट विकायला, फायनान्सवाला येतो तो हप्त्याला, पुढारी येतो तो मताला. गावातल्या गावात बोलावं तर समोरचा एक तर भावकीतला असतो, नाही तर त्याचं आपल्याकडे काही देणं-घेणं असतं, नाही तर तो दुसऱ्या पार्टीचा असतो. ज्याला गावाकडून काहीच नको आहे आणि ज्याच्याकडे बसायला वेळ आहे, असा माणूस उरला कुठे?

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात असा एक माणूस आमच्या फाट्यावर एसटीतून उतरला. सत्तरीतला, भगवी छाटी, खांद्याला झोळी, हातात ॲल्युमिनियमचा डबा. तीन किलोमीटर चालत आला, मारुतीच्या देवळात रात्रभर टेकू का म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी निघणार होता, पण अवकाळी पावसाने अडवलं. बोंडं भिजली, वेचणी थांबली, त्यामुळे बाया घरीच होत्या आणि संध्याकाळी देवळात तीस-पस्तीस माणसं जमली. लाईट गेलेली. कोणीतरी मोबाईलचा टॉर्च लावून त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला, म्हणजे उजेड पसरतो. महाराजांनी गीतेतला एक श्लोक घेऊन थोडं सांगितलं, साधंच होतं, आणि मग म्हणाले, आता तुम्ही बोला. बराच वेळ कोणी बोलेना. पत्र्यावर पाऊस वाजत होता. खांबाला टेकून बसलेली एक बाई बोलली. "महाराज, माह्या माणसानं फाशी घेतली. लोकं म्हंतेत थो भटकून राहिला. त्याले गती भेटन का?"

महाराज लगेच बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, शेवटी शेवटी ते जेवत होते का, झोपत होते का? ती म्हणाली, दोन महिने रातभर ओट्यावर बसून राहे. तेव्हा ते म्हणाले, "ते दुखणं होतं, माय. तापाने गेलेल्या माणसाला आपण पापी म्हणतो का?" पुढे विचारलं, सरकारी मदतीची फाईल पात्र झाली की अपात्र? अपात्र झाली होती, कारण सातबारा सासऱ्याच्या नावावर. तिथे बसलेल्या मास्तरांना त्यांनी सांगितलं की उद्या हिच्यासोबत बसून अर्ज लिहा. चार वर्षं ती बाई रोज माझ्या घरासमोरून वावरात जात होती आणि हा प्रश्न तिच्या मनात आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला तिने तो विचारलाही नसता. कसा विचारेल? तिच्या नवऱ्याच्या मयतीला आलेल्यांपैकी मी एक होतो, आणि मागे फिरताना जे कुजबुजत होते त्यांच्यासोबतच चालत होतो.

एका गोड प्रसंगावरून सगळ्या बुवांना सोडून देऊ नका, असं विरोधक म्हणतील. बरोबर आहे. त्यांचा सगळ्यात जड मुद्दा हा की असली प्रवचनं माणसाला नशिबाच्या हवाली करतात. कर्ज झालं ते प्रारब्ध, नापिकी झाली ते मागच्या जन्माचं, बायको आजारी ती भोगाने. मी स्वतः हे ऐकलं आहे, भर मंडपात, आणि समोर बसलेल्या शेतकऱ्यांना माना डोलावतानाही पाहिलं आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले, त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली. ते काय पूर्वसंचित होतं? औषध कोणी विकलं, मास्क कोणी दिला नाही, भाव कोण ठरवतं, हे प्रश्न ज्या प्रवचनाने झाकले जातात ते प्रवचन गावाचं नुकसानच करतं. शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न इतका मोठा झाला की जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांना विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. अशा मुलखात 'सहन करा' एवढंच सांगणारा माणूस बोलवायचा असेल तर मीही विरोधकांच्या बाजूने हात वर करीन.

पण हा दोष फिरत्या साधूच्या परंपरेचा आहे का? तसा असता तर गाडगेबाबा कुठून आले? १ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजी झिंगराजी जानोरकर घर सोडून निघाले ते अंगावर चिंध्या आणि हातात गाडगं घेऊन. गावात आले की आधी खराटा. दिवसभर रस्ते आणि नाल्या झाडायच्या आणि रात्री कीर्तन. कीर्तनही कसं? ते विचारायचे, लोक उत्तर द्यायचे. आपल्याच वऱ्हाडी बोलीत ते समोरच्याकडून एकेक गोष्ट कबूल करून घेत: देव बोकड मागतो का, कर्ज काढून तेरवी केली तर बाप सुखी होतो का, दारूने कोणाचं घर उभं राहिलं? पाया पडायला येणाऱ्यावर ते काठी उगारत. मी कोणाचा गुरू नाही, मला शिष्य नाही, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला घाट बांधण्यापासून पंढरपूर, नाशिक, आळंदीच्या धर्मशाळांपर्यंत लोकांच्या पैशातून केवढं काम उभं केलं, पण मालकी स्वतःकडे ठेवली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. ज्याला आपण आज अंधश्रद्धा निर्मूलन म्हणतो ते काम विदर्भाच्या खेड्यांत आजच्या संघटनांच्या कितीतरी आधी टाळ-चिपळ्यांच्या आवाजात झालेलं आहे. भजनाच्याच वाटेने.

तुकडोजी महाराजांचंही तेच. हातात खंजिरी, गावोगाव भजन आणि नंतर सगळ्यांनी एकत्र बसून प्रार्थना. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज झालं तरी फिरणं थांबलं नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूरला उठाव झाला तेव्हा इंग्रज सरकारने त्यांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भजन म्हणणारा माणूस लोकांना झोपवतो अशी सरकारची खात्री असती, तर त्याला तुरुंगात टाकायचं कारण काय होतं? पुढे त्यांनी ग्रामगीता लिहिली, ४१ अध्यायांची, आणि तिचा विषय गाव हाच ठेवला. स्वच्छता, आरोग्य, शिक्षण, स्त्रियांचा मान, सगळं त्यात आलं.

यावर कोणी म्हणेल, शंभर वर्षांत दोन नावं. अपवादावर नियम बांधू नका. हाही मुद्दा मी हलका धरत नाही. पण हे दोघे वेगळे कशामुळे ठरले ते बघायला हवं. दोघेही लोकांच्या भाकरीवर जगले आणि लोकांच्या डोळ्यांसमोर जगले. गाडगेबाबा कुठे झोपले, काय खाल्लं, कोणाच्या दारात बसले हे गावाला दिसत होतं. माणूस जेवढा जवळून दिसतो तेवढं त्याला ढोंग करणं अवघड जातं. पन्नास फूट लांबच्या व्यासपीठावर, फुलांच्या कमानीत, दिव्यांच्या झगमगाटात बसलेल्या माणसाचं काय दिसतं? प्रवचन संपलं की तो काचा चढवलेल्या गाडीत बसून तालुक्याच्या हॉटेलात जातो. त्याच्याबद्दल गावाला तेवढंच कळतं जेवढं भोंग्यातून ऐकू येतं. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत बदल झाला तो इथे. साधू फिरायचा थांबला आणि त्याचा दौरा सुरू झाला. पवनारहून १९५१ साली तेलंगणाकडे निघालेले विनोबा चालत गेले, आणि पुढे तेरा-चौदा वर्षं चालतच राहिले. भूदानाचं पुढे काय झालं, किती जमीन पडीक निघाली, किती वाटलीच गेली नाही, यावर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी. पण चालत आलेल्या माणसासमोर जमीनदाराने सातबारा काढला. गाडीतून आलेल्यासमोर तो काढला असता का, याचा विचार करून बघा.

"चांगल्या साधूच्या वाटेने भोंदूही शिरतो," असं मला एका मित्राने सुनावलं. खरंय, शिरतो. पण बोगस बियाणं निघतं म्हणून आपण पेरणं सोडतो का? आपण काय करतो ते आठवा. पक्कं बिल घेतो, पिशवीचं टॅग जपून ठेवतो. घरचं सोयाबीन असेल तर ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून, गुंडाळून ठेवतो आणि आठवड्याने मोजतो. सत्तर उगवले तर पेरायचं, नाही तर नाही. ज्या गावाला ही उगवणशक्ती तपासायची सवय आहे त्याला माणूस तपासणं जड का जावं? भोंदू त्याच गावात माजतो जिथे महाराजांना काही विचारणं म्हणजे पाप असं ठरलेलं असतं. आणि हे विचारणं आपल्या परंपरेबाहेरचं नाही. चक्रधरांच्या शिष्या महदाइसा सतत काही ना काही पुसत राहत, आणि स्वामी त्यांना गप्प बसवत नसत, त्यांच्या चर्चक स्वभावाचं कौतुक करत. लीळाचरित्रात ते प्रश्न नोंदलेले आहेत. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी एका बाईने संन्याशाला केलेली विचारणा ग्रंथात जपली जाते, आणि आज मंडपात माईक फक्त एकाच्या हातात असतो.

भक्तमंडळींनाही दोन शब्द. तुम्ही म्हणता, हा धर्मावरचा हल्ला आहे. नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तरी वाचून बघा. कीर्तन, भजन, प्रवचन, वारी, परिक्रमा यांना त्याने हात लावलेला नाही. चमत्काराचा दावा करून फसवणं, सापा-कुत्र्याच्या चाव्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, असल्या गोष्टी त्याने गुन्हा केल्या, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. पेरणीच्या दिवसांत आपल्याकडे साप चावणं किती होतं ते तुम्हाला सांगायला नको. मंत्र टाकत बसलेल्या घरातून लेकरू वेळेत दवाखान्यात पोचावं असं वाटण्यात धर्माचं काय बुडतं?

तुमचा दुसरा मुद्दा मात्र रास्त आहे. आजच्या कीर्तनकाराला संसार आहे, मृदंगवाला आहे, टाळकरी आहेत, गाडीभाडं आहे; तो फुकट कसा येईल? येऊ नये. वर्षानुवर्षं पाठांतर करून, गळा कमावून उभा राहिलेला कलावंत आहे तो. त्याचं मानधन ठरवा, सप्ताहाच्या वर्गणीतून द्या आणि आकडा देवळाच्या फळ्यावर लिहा. तुकोबांनी तर कीर्तन करावं तिथे अन्नही घेऊ नये असं सांगून ठेवलं, पण गृहस्थ कीर्तनकाराला मी त्या मापाने मोजणार नाही. ज्याने छाटी घातली, घर सोडलं असं जगाला सांगितलं, त्याला मात्र त्याच मापाने मोजणार. त्याने मानधन मागितलं की तो संन्यासी राहिला नाही, बाकी माणूस कितीही चांगला असो.

आता ज्या मुद्द्यावर ग्रामसभेत कोणी तोंडच उघडलं नाही तो. आमच्या गावात बौद्ध वस्ती आहे, शेजारी बंजाऱ्यांचा तांडा आहे, चार घरं मुसलमानांची आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे झालं ते विदर्भाच्या प्रत्येक गावात झालं. ज्यांनी विचार करून एक धर्म सोडला त्यांच्या घरपट्टीतून त्याच धर्माच्या प्रवचनाचा मंडप कसा घालणार? एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कोणावर कराची सक्ती करता येत नाही, हे संविधानाच्या २७ व्या कलमात आहे. कलम नसतं तरी न्याय तोच होता. इथे मी त्या तरुणाच्या पूर्ण बाजूने आहे: पंचायतीचा एक रुपयाही नको, मग कार्यक्रम कोणाचाही असो. त्याचा शाळेच्या छताचा मुद्दा मात्र वेगळा आहे. ते छत सरकारने दुरुस्त करायचं आहे, त्यासाठी आपण एकत्र जिल्हा परिषदेवर जाऊ. देवळाची वर्गणी थांबवली म्हणून ते दुरुस्त होणार नाही.

पण मागून खाण्याचा नियम इथेही कामाला येतो. माधुकरीला निघालेला साधू कोणत्या गल्लीत वळतो हे सगळं गाव बघतं. तो फक्त वरच्या आळीत फिरला आणि पारध्यांच्या बेड्याकडे त्याची पावलं वळली नाहीत, तर समदृष्टीवरचं त्याचं प्रवचन ऐकायची गरजच काय? गाडगेबाबांनी पंगतीत भेद चालू दिला नाही. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि २० डिसेंबरला गाडगेबाबा गेले, अमरावतीजवळ, वाटेतच. माझ्या आजीच्या पिढीतल्या लोकांना ते दोन आठवडे एकच सुतक वाटले होते. हे मी घरात ऐकत मोठा झालो.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय पुन्हा निघणार आहे. मी माझं म्हणणं लिहून ठेवलं आहे. पंचायतीचा खर्च नको. मंडप नको, भोंगा नको. देवळात जेवढी माणसं मावतील तेवढ्यांना आवाज ऐकू येतो. राहणं मारुतीच्या देवळात, एक रात्र, फार तर दोन. झोळीत पैसे टाकायचे नाहीत. एक तास महाराजांनी बोलायचं आणि नंतर दोन तास लोकांनी विचारायचं, बायांनी आधी. महाराजांना हे कबूल असेल तर त्यांनी यावं, नसेल तर तालुक्याला मोठी मैदानं आहेत. दुपारच्या भाकरीसाठी घरं कोणती, हेही आताच ठरवायला हवं होतं म्हणून मी काल विचारत फिरलो. सहा घरं झाली. सहावं त्या खांबाला टेकून बसलेल्या बाईचं. तिने विचारलं, महाराज जवारीची खातेत ना?